सातवं पिंप

इस्त्रीनं टिक् केलं, तेव्हा घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. नवरा झोपलेला, लेक ठकू झोपलेली, खिडकीखालचा रस्तासुद्धा अजून उठलेला नव्हता. नवऱ्याचा निळा शर्ट टेबलावर पसरून मी इस्त्री हातात धरून उभी होते, आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुन्हा टिक् झालं, तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, “अगं, काय जळतंय?” मी खाली बघितलं. खिशाच्या वर इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग उमटला होता. जे दोन भिंती आणि एक लोटलेलं दार ओलांडून झोपेतल्या म्हाताऱ्या बाईच्या नाकापर्यंत पोचलं, ते माझ्या नाकाखाली वीतभर अंतरावर होतं आणि मला पत्ताच नव्हता. “कळलं मला, आई! बंदच करत होते,” मी म्हटलं. खोटं बोलायला हल्ली मला वेळ लागत नाही. शर्टाची घडी करून तो कपाटात सगळ्यात खाली सारला, दुसरा काढला, इस्त्री पुन्हा तापायला ठेवली आणि डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावून खोल श्वास घेतला. काही नाही. पाण्याच्या पेल्यात बघावं तसं. आत काहीतरी आहे हे ठाऊक असतं आणि दिसत मात्र काहीच नसतं.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या घरात सगळ्यांना ताप आला. सगळ्यांचे वास गेले, आणि आठवड्याभरात सगळ्यांचे परत आले. माझा यायचा राहिला. मग रोज सकाळी चौकशी सुरू झाली. “आलं का?” नवरा दात घासता घासता विचारायचा, “आलं का गं?” सासूबाई चहाच्या वेळी विचारायच्या, जणू मी टपालाची वाट बघत बसलेय. फोनवरून माहेरची माणसं विचारायची. ठकू तर विचारता विचारता माझ्या नाकात बोट घालून बघायची, अडकलंय का म्हणून. दीड महिना मी “नाही अजून” म्हणत राहिले. माझ्या “नाही”नं त्यांचे चेहरे रोज थोडे थोडे पडायचे, आणि ते चेहरे वर उचलण्याचं काम पुन्हा माझ्यावरच यायचं. शेवटी एका रविवारी मी म्हणून टाकलं, “आलं.” सासूबाईंनी हात जोडले. नवऱ्यानं मला उचलून गर्रकन फिरवलं. एका शब्दानं सगळं घर बरं झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की सवय सोडू नका, रोज हुंगत राहा, कधीतरी येईलही. तो “ही” मी कुणाला सांगितला नाही.

आणि नाक माझं साधं नाही. म्हणजे नव्हतं. दुधाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात मी वास तपासायचे. चार वर्षांपूर्वीपर्यंत, ठकू व्हायच्या आधी. तान्ह्या मुलांच्या बाटलीत जाणारी ती भुकटी. यंत्रं तिच्यातलं सगळं मोजतात, पण ती खवट व्हायला लागलीय हे यंत्राच्या आधी माणसाच्या नाकाला कळतं. आमच्या टेबलाचे प्रमुख होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. कामाच्या दिवशी साबण नको, तेल नको, घरातून भांडून येणं नको, हे त्यांचे नियम. “भांडलेल्या माणसाला सगळंच खवट लागतं,” म्हणायचे. दोन वासांच्या मध्ये नाक कोरं करायचं असेल तर आपल्याच कोपराच्या आत हुंगायचं, हेही त्यांनीच शिकवलं. आपला स्वतःचा वास म्हणजे शून्य. त्या शून्यावर परत यायचं आणि मग पुढचं डबडं उघडायचं. एकदा शंभर डबड्यांतून मी एक बाजूला काढलं. कुणालाच काही जाणवत नव्हतं. मास्तरांनी तीनदा हुंगलं आणि चष्मा पुसत बसले. दहा दिवसांनी ते डबडं सगळ्यांनाच कळण्याइतकं खवटलं. तेव्हापासून मास्तर मला “नाकाड्या” म्हणायला लागले, आणि आजवर मला कुणी दिलेल्या नावांत तेच मला सगळ्यात आवडलंय. आता मास्तर निवृत्त होताहेत. त्यांनी वरच्या साहेबांना सांगितलं, ती पोरगी आणा, दुसरं कुणी नको. पत्र आलं. सोमवारी सकाळी नऊला मी त्यांच्या खुर्चीवर बसायचं आहे. चार वर्षं मी ज्या पत्राची वाट बघितली, ते आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले, आणि सासूबाईंना वाटलं की मी आनंदानं रडतेय.

आजची वाइनची सहल नवऱ्यानं ठरवली. “सोमवारपासून तू कामाला जुंपलीस की संपलं, एक दिवस दोघांनीच जाऊ,” म्हणाला. छोट्या बसमधून तीन ठिकाणी न्यायचे. घरच्या घरी वाइन करणारी कुटुंबं, प्रत्येकाची स्वतःची द्राक्षबाग, स्वतःचं तळघर. मी इतक्या झटकन हो म्हटलं की त्याला कौतुक वाटलं. माझा हिशेब वेगळा होता. तीन घरं, प्रत्येक घरी सात-आठ ग्लास, म्हणजे विसाच्या वर वास, तेही एका दिवसात, एकामागून एक. त्यातला एखादा तरी दार ठोठावेल. एखादा जरी आला, ओळखू न येता नुसता आला, तरी मी सोमवारी जाईन. नाही आला तर... त्या “तर”च्या पुढचं वाक्य मला आठ महिन्यांत पुरं करता आलेलं नव्हतं. निघताना ठकूनं गळ्याला मिठी मारली आणि मी तिच्या टाळूवर नाक टेकवलं. हे मी रोज करते. ती आठ दिवसांची असताना त्या टाळूला जो वास होता, तो मी कुठल्याही डबड्यावर चिठ्ठी लावून ठेवू शकले असते इतका पाठ होता. आता मला तो आठवतो की त्याचं वर्णन आठवतं, हे सांगता येत नाही. केस मऊ लागले, ऊब लागली. बस्स.

बसमध्ये आम्ही चौदा जण. वाटाड्या बाईंच्या हातात लाल छत्री होती. ऊन नाही, पाऊस नाही, ती फक्त उंच धरायला. “मंडळी, आज आपण कारखान्यात नाही, कुणाच्या तरी घरी चाललोय. पाहुण्यासारखं वागायचं, म्हणजे नावं ठेवायची ती बसमध्ये आल्यावर!” सगळे हसले. आमच्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ होते, त्यांना आधीपासूनच सगळं माहीत होतं. पहिलं घर यायच्या आत नवऱ्यानं त्यांचं बारसं “सर्वज्ञ” असं करून टाकलं. पहिल्या घरी दोन भाऊ होते. त्यांचं आपसात बोलणं बंद होतं आणि वाइन मात्र दोघं मिळून करत. मोठा म्हणाला, “आम्ही द्राक्षं पहाटे तोडतो.” धाकटा छत्रीवाल्या बाईंकडे वळून म्हणाला, “त्यांना सांगा, पहाटे मी तोडतो. ते नऊला येतात.” सगळे खो खो हसत होते, नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून, आणि मी ग्लासात नाक बुडवून उभी होते. सर्वज्ञ म्हणाले, “चामडं. ओली माती. शेवटी थोडा तंबाखू.” त्यांची बायको म्हणाली, “काल तुम्ही माझ्या भाजीला हेच म्हणालात.” नवरा म्हणाला, “मला तर बुवा नुसती वाइनच लागतेय.” मी ग्लास फिरवला, थांबले, परत फिरवला. थंड ओलसर हवा नाकातून आत गेली आणि तशीच बाहेर आली, रिकाम्या घरात कुणी डोकावून जावं तशी. कोपर हुंगलं. पुन्हा ग्लास. सहा ग्लास झाले.

दुसऱ्या घरी एक तरुण जोडपं होतं. त्यांचं तान्हं बाळ टेबलाखालच्या टोपलीत झोपलं होतं, आणि टेबलावर ग्लासांची रांग. नवी आई बोलता बोलता खाली वाकून बाळाच्या मानेजवळ नाक नेऊन परत वर यायची, बघायला नको की बोलायला नको, नुसतं हुंगून तिला कळत होतं बाळ ठीक आहे ते. चार वेळा तिनं असं केलं. मला तिचा राग आला. इतका, की हातातला ग्लास मी जोरात खाली ठेवला आणि दांडी तडकली. “असू दे हो, ताई, रोज एक तरी जातो,” ती म्हणाली, आणि तिच्या चांगुलपणानं मला आणखीच चीड आली. नवऱ्यानं हळूच विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “निसटला.” या घरचे आठ ग्लास झाले होते, आणि मी त्यातला एकही प्यायले नव्हते. जिभेला गोड-आंबट अजून कळतं. जीभ मध्ये आणली की मी स्वतःला फसवीन. मला फक्त नाकाचा कौल हवा होता. दुपारचं ऊन बसच्या काचांवर आलं. नवरा माझ्या खांद्यावर डोकं टेकून डुलक्या घेत होता आणि मी बोटांवर मोजत होते, चौदा झाले, चौदा नाही आले.

तिसरं घर डोंगराच्या पोटात होतं. तळघरात उतरायला सतरा दगडी पायऱ्या. खाली एका ओळीत बारा लाकडी पिंपं, आणि त्यांच्यापाशी एक ताठ म्हातारी मालकीणबाई, पांढरा एप्रन घातलेली, खिशात खडू. छत्रीवाल्या बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं, या घराची एक रीत आहे. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी घरातलं एकच माणूस प्रत्येक पिंप हुंगतं. चांगलं असेल तर खडूनं गोल, बिघडलं असेल तर फुली. गोल म्हणजे बाटली, फुली म्हणजे मोरी. दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. खडू जिच्याकडे, तिचा शब्द. मालकीणबाईंकडे तो त्यांच्या सासूकडून आला, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. “आणि नशीब बघा, आज नेमका तोच दिवस आहे!” मालकीणबाईंनी काचेची लांब नळी पहिल्या पिंपात सोडली, थोडी वाइन ग्लासात घेतली, आणि ग्लास स्वतःच्या नाकाला न लावता सर्वज्ञांपुढे धरला. “तुम्हाला काय वाटतं?” सर्वज्ञ फुलून आले. “काळ्या मनुका.” मग बाई ग्लासावर वाकल्या. “मनुका. बरोबर.” गोल. दुसरं पिंप, सर्वज्ञांच्या बायकोला. तिसरं, कुणा दुसऱ्याला. लोक खूश, केवढा मान देतात बाई! पण माझ्या अंगावर काटा आला होता. कारण त्या प्रत्येक वेळी आधी विचारत होत्या आणि मग हुंगत होत्या. आधी माणसाचा चेहरा वाचत होत्या. नाक वाकडं होतंय का, भुवई वर जातेय का. गेले आठ महिने मीही असंच जगतेय. “ठकू, आज्जीनं साबण बदललाय का गं?” “अरे, तुला काही वास येतोय का?” मग समोरचा जे म्हणेल ते. माझ्यासारखं दुसरं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. काही क्षण मला वाटलं, आता मी हिच्या खांद्यावर डोकं ठेवीन.

सातव्या पिंपापाशी नवऱ्यानं मला पाठीवर हात ठेवून पुढे केलं. “हे आमच्या हिला द्या. हिचं कामच आहे. दुधाच्या भुकटीत एक कण खवट असला तरी हिला कळतो. सोमवारपासून मोठ्या साहेब होणार आहेत!” मी म्हटलं, “अरे, काहीतरीच काय!” पण बाकीच्या सगळ्यांनी मला वाट करून दिली. मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा इतका सैल झाला, इतका निवांत, की ओझं खाली ठेवणाऱ्या माणसाचाच तसा होतो. “मग सातवं तुम्हीच बघा, बाई,” त्या म्हणाल्या. ग्लास हातात आला. मी फिरवला. नाक नेलं. आता, मी मनात म्हटलं, आता ये. नाहीतर कधी येऊ नकोस. थंड हवा आत गेली आणि बाहेर आली. तेव्हा मी ग्लास खाली ठेवून “मला सर्दी आहे” एवढं म्हणू शकले असते. पण नवरा बघत होता. त्याच्या तोंडावर तो भाव होता, जो लग्नानंतर पहिल्यांदा तो मला कारखान्यातून न्यायला आला तेव्हा होता. मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, तुमच्या बायकोसारखी माणसं मोजकी असतात. मी बोलायला लागले. शब्द सगळे शाबूत होते. वासाशिवायही ते एकमेकांना धरून उभे राहत. “पिकलेला आलुबुखार. त्याच्यामागे लाकूड, पण जड नाही. स्वच्छ आहे. फारच स्वच्छ.” “स्वच्छ,” मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी हुंगलंसुद्धा नाही. खडूनं मोठा गोल काढला, बाकीच्यांपेक्षा मोठा.

त्यांचा मुलगा पावाचे तुकडे घेऊन पायऱ्या उतरत होता. चाळिशीचा, टक्कल पडलेला, शांत माणूस. ताटली ठेवली, सहज माझ्या हातातला ग्लास घेतला आणि नाकापर्यंत जायच्या आतच थबकला. “आई, हे गेलंय.” त्यानं ग्लास आईपुढे धरला. “ओल्या गोणपाटाचा वास मारतोय. बुरशी लागलीय पिंपाला.” ग्लास हातोहात फिरला. “अय्या, हो की!” “शी!” सर्वज्ञ म्हणाले, “मला लांबूनच शंका आली होती.” नवऱ्यानं हुंगलं, तोंड वाकडं केलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम मोठ्यानं हसला. “मस्करी केली हो हिनं! चेहरा कसा ठेवते बघा!” त्यावर सगळे हसले. फक्त तो मुलगा नाही, त्याची आई नाही आणि मी नाही. “गेल्या वर्षी दोन पिंपं अशीच बाटल्यांत गेली, आई,” तो हळू म्हणाला. “सगळ्या परत आल्या. खडू दे आता. मी किती दिवसांपासून म्हणतोय.” “या बाईंनी सांगितलं चांगलं आहे म्हणून,” मालकीणबाई म्हणाल्या. “या त्यातल्या आहेत. विचार त्यांना.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं की मलाही येत नाही. तसं म्हणून त्यांचा खडू वाचला नसता. पण त्या तळघरात त्या एकट्या राहिल्या नसत्या. “मला जरा सर्दी आहे,” मी म्हटलं. तेच वाक्य, पाच मिनिटं उशिरा, आणि आता ते फक्त मला वाचवत होतं. मालकीणबाईंनी तळहातानं गोल पुसला. पुसताना माझ्या इतक्या जवळ आल्या की त्यांचा श्वास माझ्या गालाला लागला. “केव्हापासून?” त्यांनी विचारलं, फक्त मला ऐकू जाईल असं. मी म्हटलं, “काय केव्हापासून?” त्यांनी मान हलवली. “काही नाही, बाई.” मग एप्रनच्या खिशाला हात पुसले आणि खडू मुलाच्या हातात ठेवला. आठव्या पिंपाला तोच वाकला. त्या पायऱ्या चढून वर गेल्या. सतरा पायऱ्या, मी सगळ्या ऐकल्या.

परतीच्या बसमध्ये लोक गाणी म्हणत होते. नवरा प्रत्येकाला सांगत होता, “चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही हो हिच्या!” मी त्याची बाही ओढली. “अरे, ऐक. मी मस्करी नव्हती केली. मला वास आलाच नाही.” “मग सर्दी आहे म्हणालीस ना?” “सर्दी नाही.” “घरी गेल्यावर वाफ घे.” “वाफेचं नाही रे ते. तू ऐकतोयस का?” “ऐकतोय. दमलीयस तू. सोमवारचं टेन्शन आहे, मला कळत नाही का?” त्यानं माझं डोकं मायेनं आपल्या खांद्यावर टेकवलं, आणि त्या मायेखाली माझं वाक्य दबून गेलं. मला ओरडायचं होतं. त्याच्यावर नाही. ज्या रविवारी मी “आलं” म्हटलं, त्या रविवारवर. एका शब्दाची भिंत मी इतकी पक्की बांधली होती की आता आतून कितीही धडका मारल्या तरी बाहेरच्यांना वाटायचं, बाई घरात मजेत आहे. मालकीणबाई आता स्वयंपाकघरात बसल्या असतील. सून काहीतरी शिजवत असेल. त्यांना कुणी विचारत असेल का, केव्हापासून? की तिथेही सगळे म्हणत असतील, दमल्या, वय झालं? डोळे मिटले की सोमवारचं टेबल दिसायचं, पांढरं, स्वच्छ, त्यावर डबड्यांच्या रांगा, समोर बसलेली तरुण मुलं. मी त्यांना विचारीन, “तुम्हाला काय वाटतं?” त्यांना वाटेल, बाई केवढा मान देतात. आणि कुठल्यातरी घरात कुणीतरी बाटली हलवून तान्ह्याच्या तोंडाला लावील. तिथपर्यंत आलं की मी डोळे उघडायचे. बाहेर संध्याकाळ व्हायला लागली होती.

दार सासूबाईंनी उघडलं. “आलात? बरं झालं बाई, आता तूच बघ हिच्याकडे.” ठकू जेवणाच्या टेबलाशी हाताची घडी घालून बसली होती, डोळे रडून लाल. पुढ्यात दुधाचा कप, भरलेला. “अर्धा तास झाला,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणे दुधाला वास येतो. मी दोनदा बघितलं. मला तर काही येत नाही. कार्टून बघायचंय, म्हणून हे नखरे. खोटं बोलायला कुठून शिकली देव जाणे.” “येतोच!” ठकू किंचाळली. “घाण येतो!” नवरा चपला काढता काढता हसला. “अगं, भांडता कशाला? घरात एवढी मोठी अधिकारी असताना! ठकू, आईकडे दे. आई म्हणेल ते फायनल.” सासूबाईही हसल्या आणि बाजूला झाल्या. ठकूनं कप दोन्ही हातांनी उचलला. तो भरलेला होता, म्हणून अगदी हळू, जीभ ओठात धरून, एक एक पाऊल टाकत ती माझ्यापर्यंत आली. मी खाली बसले. कप घेतला. पांढरं, शांत, वर किंचित साय. ऊब नाकाला लागली आणि त्यापलीकडे काही नव्हतं. हो म्हटलं तर सासूबाई खोट्या पडणार होत्या, नाही म्हटलं तर ठकू. आणि खरं काय, ते त्या कपात होतं, माझ्या नाकाखाली, वीतभर अंतरावर. मी पुन्हा श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिघंही माझ्याकडे बघत होती. ठकूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि हळू आवाजात विचारलं, “आई, मी खोटं बोलतेय का?”